कमी सोडियमचं मीठ: मला चालतं, अण्णांना नाही

एक किलोचं पाकीट, साध्या मिठापेक्षा बरंच महाग. दाणा बारीक, आणि डोंबिवलीच्या पावसाळ्यातही बरणीत गोळा झाला नाही, याबद्दल पैकीच्या पैकी. आमटी-भाजीत फरक कळत नाही. ताकात आणि काकडीच्या कोशिंबिरीत मात्र मागाहून किंचित कडवट चव येते. ती पोटॅशियम क्लोराईडची. ‘सोडियम ३० टक्के कमी’ म्हणजे तेवढ्या जागी हे घातलेलं.

मला नुसतं बीपी आहे, किडनी ठणठणीत. माझ्यासाठी मीठ उत्तम. चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात कमी झाले, हे २०२१ साली प्रसिद्ध झालंय.

पण नणंदबाईंनी हौसेने एक पाकीट अण्णांसाठीही पाठवलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. मधुमेहामुळे किडनी तिसऱ्या स्टेजला, बीपीसाठी रोज टेल्मिसार्टन. किडनीच्या डॉक्टरांनी पाकीट बघताच बाजूला ठेवलं. दुबळ्या किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, टेल्मिसार्टननेही ते अंगात साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अण्णांच्या रक्तातलं पोटॅशियम आधीच ५.२ होतं, म्हणजे जरा जास्तच. या मिठाच्या ५ ग्रॅममध्ये साधारण ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं. म्हणजे पोटॅशियम कमी व्हावं म्हणून मी बटाटे उकळून पाणी ओतून द्यायचं आणि वरून चमच्याने तेच परत घालायचं!

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही किडनीचे रुग्ण वगळूनच. आणि पाकिटावर काय? पुढे भलंमोठं लाल हृदय, ‘बीपीसाठी’. किडनीची सूचना मागे, बारकोडखाली, भिंगाने वाचावी अशी. अहो, किडनीच्या बहुतेक रुग्णांना बीपी असतंच! ते हृदय बघून हेच लोक पाकीट उचलणार. याचे दोन तारे कापले.

आता ओट्यावर दोन बरण्या. अण्णांचं साधंच मीठ, सकाळी वाटीत मोजून काढलेलं, दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, त्याहून कमीच. पापड-लोणचं बंद, त्यावरून रोज कुरकुर. जिरेपूड, लिंबू, लसणाची फोडणी यावर भागवतेय. वाणी म्हणाला, ‘मग सैंधव न्या, बीपीला चांगलं.’ तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच, दिसतं फक्त गुलाबी. नाही घेतलं.