जुनी पिकअप देऊन नवी घेतली: नऊ महिने, अठ्ठावीस हजार किलोमीटर

धंदा आधी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी ओतूरचा. ओतूर-नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो आणि कांदा भरून आठवड्याला तीन रात्री माळशेजमार्गे वाशी मार्केट गाठतो. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरा. २०१७ च्या दसऱ्याला घेतलेली पिकअप २०२५ च्या गुढीपाडव्याला एक्स्चेंजला देऊन त्याच कंपनीची नवी, १.७ टनी आणली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. माझ्या एका गाडीवरून सगळ्यांची पारख नको.

जुनी काही बंद पडलेली नव्हती. पण मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं. स्प्रिंगचे पाटे बसले होते, दुसरा गिअर थंडीत अडायचा, वर नवीन नंबरप्लेटचं लचांड होतंच. आबा म्हणाले, "बैल चालता आहे तोवरच बाजार दाखव. बसल्यावर कोण घेतो?"

शोरूममधल्या पोराने बैलाचे दात बघावेत तशी गाडी बघितली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात धरला. खालून किती फुंकर येते ते बघत होता. मग हौद्याच्या पत्र्यावर बोटाने टकटक करत मागेपर्यंत गेला. जिथे आवाज बद्द आला तिथे नख लावलं, तर रंगासकट गंजाची खपली निघाली. ३ लाख ४० हजार म्हणाला, वर २० हजार एक्स्चेंज बोनस. बाहेर मंचरचा एक जण ३ लाख ८० द्यायला तयार होता. वीस हजारांसाठी कोण पळापळ करणार, म्हणून शोरूमलाच दिली. हा निर्णय चुकला, पण कसा ते शेवटी.

नवी ऑन-रोड साडेअकरा लाखांना पडली. चाळीस हजार रोख, साडेसात लाखांचं कर्ज, ४८ हप्ते, महिन्याला १९,२०० रुपये.

आता गाडी. जुन्या हौद्यात एका थराला अठरा कॅरेट (माल भरायचे प्लास्टिकचे क्रेट) बसायचे, हिच्यात एकवीस बसतात. चार थर लावले की चौऱ्याऐंशी. इथेच मोह होतो. कॅरेटसकट टोमॅटो बावीस किलो धरला तर चौऱ्याऐंशीचे १८४८ किलो होतात आणि माल भरायची परवानगी १७०० ची. म्हणजे सत्याहत्तरला थांबायचं. जुनी सव्वा टनी होती आणि तिच्यात मी बहात्तर कॅरेट टाकत होतो, हे कबूल करतो. ओव्हरलोडचा दंडच आता २० हजारांपासून सुरू होतो, त्यामुळे पहिल्यांदाच कायद्यात राहून धंदा चाललाय. गाडी आणि माल मिळून वजन तीन हजार किलोच्या वर जातं म्हणून परमिट मात्र लागलं.

माळशेज आम्हाला भरून उतरायचा असतो आणि रिकामा चढायचा. त्यामुळे ओढ किती यापेक्षा उतारावर गाडी धरते कशी, हे मी आधी बघतो. नवी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर छान धरून उतरते, ब्रेकला फार हात लावावा लागत नाही. जुनी मुरबाडच्या बाजूला उतरेपर्यंत ब्रेकचा जळका वास यायचा. स्टेअरिंग हलकं, सीट वर-खाली होते. पहाटे वाशीत उतरल्यावर पाठीवर हात ठेवून उभं राहावं लागत नाही, याची किंमत चाळिशीच्या पुढच्या माणसालाच कळेल. वेग ८० ला अडतो. सवय झाली.

ॲव्हरेज भरून साडेतेरा मिळतं, जुनी बारा द्यायची. फेरीला पावणेतीन लिटर वाचतं, म्हणजे अडीचशे रुपये. या बचतीतून हप्ता सुटेल असं सांगणाऱ्या सेल्समनला गणित शिकवायला हवं.

आमच्या मंडळींची, म्हणजे बायकोची, तक्रार वेगळीच. फाळका पाडल्यावर हौद्याची फळी जुनीपेक्षा चार बोटं उंच येते. भरलेलं कॅरेट तेवढं वर उचलायचं म्हणजे पन्नासाव्याला खांदा बोलतो. आता एक कॅरेट पालथं घालून तिने पायरी केलीय. गाडी बघायला जाताना कॅरेट भरणाऱ्या माणसालाही सोबत न्यायला हवं होतं.

डोकं खाल्लं ते जुलैत लागलेल्या पिवळ्या दिव्याने. बीएस-६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो. माझं जुलैचं काम काय, तर वाशीऐवजी शेतातून मार्केट यार्डापर्यंत चार किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, आणि भरताना इंजिन चालूच. जुनीने आठ वर्षं हे सोसलं, धूर ओकत का होईना. हिने महिन्यात दिवा लावला. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला, तर म्हणाला, "अण्णा, काही खोलू नका. आळेफाट्याहून नाशिक हायवेला लागा आणि पंचवीस मिनिटं साठ-सत्तरने एकसारखी पळवा." दिवा गेला. तेव्हापासून भरताना इंजिन बंद ठेवतो, आणि ऑइलही कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच टाकतो. ते महाग आहे. ज्यांचं काम नुसतं शेत ते यार्ड एवढंच आहे, त्यांनी डिझेल घेण्याआधी सीएनजीचा विचार करावा. पंप जवळ असेल तर.

पैशाचं एक दुखणं राहिलंच. २२ सप्टेंबरला मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या शोरूम किमतीवर अठ्ठ्याहत्तर हजारांचा फरक. म्हणजे माझे चार हप्ते. पाडव्याच्या मुहूर्ताऐवजी दसऱ्याचा धरला असता तर! घरी हा विषय आता कोणी काढत नाही.

आणि ते एक्स्चेंज. शोरूमवाल्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या. "आठ दिवसांत नाव निघेल" म्हणाला. ऑगस्टमध्ये मोबाईलवर चलन आलं, नो पार्किंगचं, भिवंडीचं. फोटो उघडला तर माझीच गाडी. फाळक्यावर आबांनी पेंटरकडून लिहून घेतलेलं 'खंडेरायाची कृपा' तसंच आणि हौद्यात कुणाचे तरी प्लायवूडचे तक्ते. पाच महिने रस्त्यावर पळतेय आणि कागदावर मालक मी! एखादा अपघात झाला असता तर पहिली नोटीस माझ्या दाराशी आली असती. जुन्या गाड्या घेणाऱ्या नोंदणीकृत डीलरकडे ताबा दिल्याची आरटीओला नोंद करायला फॉर्म २९-सी असतो, हे मला तेव्हा कळलं. तो भरून पावती हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका. आणि गिऱ्हाईक बाहेरचं असेल तर त्याच्यासोबत स्वतः आरटीओत जा. मंचरवाला तर सोबत यायलाही तयार होता.

चार चकरा मारल्यावर नोव्हेंबरात नाव निघाल्याचा मेसेज आला. तोवर आणखी एक चलन आलं होतं. दोन्ही मी भरली. शोरूमवाले पैसे देतो म्हणालेत, अजून यायचेत.