अभ्यासिकेच्या भिंतीसाठी: होल्बाइन की ब्रॉयगेल?

अभ्यासिकेत 'माणसाला दिसतं किती, कळतं किती' या विषयावरचं चित्र लावायचं ठरलंय आणि दोन प्रतींवर गाडी अडलीय. निपाणी असो वा खानापूर, आधी भिंत बघा, मग आवड.

हान्स होल्बाइनचं 'राजदूत' (१५३३) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मूळ चित्र जवळजवळ सात फूट उंच, तेवढंच रुंद. २९ आणि २५ वर्षांचे दोन तरुण, मध्ये पृथ्वीचा गोल, सूर्यघड्याळं, गणिताचं पुस्तक, एक तार तुटलेलं ल्यूट. पायाशी मात्र तिरका, राखाडी फराटा. उजवीकडे भिंतीला खेटून पाहिलं की त्याची कवटी होते. पण तिथून ते तरुण आणि त्यांची सगळी विद्या चेपून जाते. दोन्ही एकदम धड दिसत नाही, आणि माझ्या मते चित्राची खरी गंमत तीच. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात हुबेहूब माणूस रंगवण्याचं कुणाला अप्रूप नाही. हा फराटा मात्र जाणत्यांनाही थांबवील.

ब्रॉयगेलचे सहा आंधळे (१५६८) नेपल्सला आहेत. पहिला खड्ड्यात पडलाय, दुसरा त्याच्यावर कोसळतोय, शेवटचा अजून ताठ चालतोय. एकाच्या डोळ्यात फूल पडलंय, दुसऱ्याच्या नुसत्या खोबणी उरल्यात. कमल बस्तीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या जैन मंदिराच्या गावाला हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट नव्यानं सांगायला नको. तिथं प्रत्येकाच्या हाती निदान सोंड किंवा शेपूट तरी लागते. इथं हाती फक्त पुढच्याचा खांदा नाहीतर काठी. (क्लासमागून क्लास लावणाऱ्या पोरांना टोमणा वाटला तर वाटू दे.)

अभ्यासिकेत पोरं एका जागी बसून असतात. तिथं होल्बाइन वाया जाईल, कारण त्याला चालता बघणारा लागतो. बैठकीच्या लांब भिंतीवर ब्रॉयगेलच घ्या. जिना किंवा बोळ असेल तर मात्र मी डोळे झाकून होल्बाइन घेईन. चित्राच्या उजव्या अंगाला उभं राहायला जागा तेवढी सोडा.

होल्बाइनला काच नको, तिरकं बघताना ती चकाकते. ब्रॉयगेलचं मूळ काम कापडावर सरसाच्या रंगात, बिनचकाकीचं. म्हणून प्रत मॅट कागदावर काढा. फ्लेक्सवाल्याकडे दोन्ही नेऊ नका. आणि आपल्याकडच्या पावसात भिंती पाझरतात, तेव्हा चौकटीमागं बोटभर फट ठेवा.