पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, भाड्याने: चार महिने वापरल्यावर

मी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे मोजायची खोड अजून गेलेली नाही. पलंगापासून बाथरूम १४ पावलं, तिथून खिडकी ९. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, चौथ्या स्टेजचा. सिगारेट कधी ओढली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

मशीन म्हणजे चाकांवरची एक पेटी, वजन १५ किलोच्या आसपास. आत सिलिंडर असेल असं मला वाटत होतं. तसं काही नसतं. ते खोलीतलीच हवा ओढून घेतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि नायट्रोजन ७८. आतल्या नळकांड्यांत झिओलाइटचे दाणे असतात. दाबाखाली हवा त्यांतून गेली की नायट्रोजन दाण्यांत अडकतो आणि पुढे नव्वद टक्क्यांवर ऑक्सिजन येतो. एक नळकांडं भरलं की काम दुसऱ्याकडे जातं, पहिलं साचलेला नायट्रोजन बाहेर सोडतं, आणि तेव्हा फुस्स असा आवाज होतो. रात्रभर घर्र, घर्र, फुस्स. पहिल्या रात्री हे उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासात परत आले. म्हणाले, "तिथे ऐकू येत नाही, मग चालू आहे की बंद पडलंय ते कसं कळणार?"

भाड्याने देणाऱ्यांबद्दल बोलायचं तर माणूस वेळेवर आला, प्लग लावला, फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा तो आकडा, थेट पाचवर ठेवला आणि म्हणाला, "फुल ठेवा, जास्त बरं वाटेल." डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन लिटर लिहिलं होतं. चिठ्ठी त्याने बघितलीच नाही. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि चिठ्ठीवर एक गोळी लिहिलेली असताना कोणी अडीच देत नाही. नळी दिली ती दोन मीटरची, म्हणजे मी खुंटीला बांधल्यासारखी. मागचा फिल्टर दर आठवड्याला धुवायचा असतो हेही सांगितलं नाही. ते मला माहितीपत्रकात सापडलं, तोवर त्यावर गोधडीएवढी धूळ बसली होती.

आता मुख्य गोष्ट. मशीन आणलं ते धाप लागते म्हणून. पण बसल्याजागी धाप लागायची तेव्हा बोटावरचा ऑक्सिमीटर ९५ दाखवायचा, आणि नाकात नळी घालूनही काही फरक पडायचा नाही. मला वाटलं, मशीनच खराब आहे. दोनदा तक्रार केली. दुसऱ्या वेळी त्यांनी मीटर लावून शुद्धता तपासली, ती ठीक निघाली. मी जरा ओशाळले.

पॅलिएटिव्ह, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, विभागातल्या डॉक्टरबाईंनी ते उलगडून सांगितलं. धाप लागणं आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुर्धर आजारामुळे धाप लागणारे, पण रक्तात ऑक्सिजन पुरेसा असलेले २३९ रुग्ण घेतले होते. काहींच्या नाकात ऑक्सिजन सोडला, काहींच्या नुसती हवा, आणि कुणाला काय मिळतंय ते त्यांना कळू दिलं नाही. आराम दोघांना सारखाच. हिशोब तिथेच जुळला. मग त्यांनी मला मुठीत मावणारा, सेलवर चालणारा पंखा घ्यायला सांगितला. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा, वारा नाकावर आणि वरच्या ओठावर येईल असा. तिथल्या नसांना गार वारा लागला की मेंदूला श्वासाची घाई कमी वाटते. आधी मला हसू आलं होतं. आता तो उशीखाली असतो. (जोडीला मॉर्फिनचा अगदी लहान डोसही आहे. नाव ऐकून घाबरले होते, प्रत्यक्षात त्रास फक्त पोट साफ न होण्याचा.)

मग मशीन वाया गेलं का? नाही. १४ पावलं चालले की माझा आकडा ८४ वर यायचा. दोन लिटरवर तो ९१ राहतो. तपासणीला गेलं की एक फॉर्म भरायला देतात, ३० प्रश्न सगळ्या कॅन्सरचे आणि १३ खास फुप्फुसाचे. धाप तीन वेगवेगळ्या प्रश्नांत विचारतात: आराम करताना, चालताना, जिने चढताना. उत्तर १ ते ४ मध्ये. माझं 'चालताना' ४ वरून २ वर आलं, ते मशीनमुळे. 'आराम करताना' ३ वरून २, ते पंख्यामुळे. जिन्याची चौकट अजून ४ वरच आहे, ती कुणालाच हलवता आलेली नाही.

घेणार असाल तर नळी लांब मागा. माझी आता १५ मीटरची आहे, तिच्यामुळे खिडकी मिळाली. फक्त ती पायात येते, म्हणून वळणावर हे तिला भिंतीच्या कडेला सारून ठेवतात. कानामागे नळी काचते, तिथे कापूस गुंडाळा. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, ते पेट्रोलियमचं असतं. पाण्यात बनवलेलं जेल मिळतं, ते लावा. नळी घालून गॅसच्या शेगडीजवळ अजिबात जायचं नाही. स्वयंपाकघर हातचं गेलं, याचं मला केस गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि फॉर्ममध्ये केसांचा प्रश्न आहे, स्वयंपाकघराचा नाही. वीज जाते तेव्हासाठी भरलेला लहान सिलिंडर घरात हवाच, "इन्व्हर्टरवर चालेल" या बोलण्यावर राहू नका.

मशीनला पाचपैकी चार. भाड्याने देणाऱ्यांना दोन, तेही वेळेवर आले म्हणून. मशीन परत जाईल तेव्हा लांब नळी त्यासोबत पाठवू नका, असं ह्यांना सांगून ठेवलंय. ती आपण विकत घेतलेली आहे, पावती कपाटात आहे.