खांद्याइतक्या उसळीचा फोरहँड : बालेवाडीजवळच्या एका टेनिसवर्गाविषयी

कमरेच्या उंचीवर आलेला चेंडू व्यवस्थित मारणारे खेळाडू पुण्यातील कोणत्याही कोर्टावर भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण सुरू होते ती समोरच्याने संथ, उंच आणि भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) दिलेला चेंडू बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ, टाकला की. टप्पा पडल्यावर तो चेंडू खांद्यापर्यंत चढतो, खेळाडू मागे रेलतो, रॅकेट घाईने वर ओढली जाते आणि परतलेला चेंडू जाळीलगतच्या सर्व्हिस बॉक्समध्ये आखूड पडतो. या एकाच अडचणीवर काम करणारा, फक्त प्रौढांसाठीचा सहा आठवड्यांचा वर्ग बालेवाडीच्या परिसरात चालतो. प्रशिक्षक जाहिरात करत नाहीत, विद्यार्थी ऐकीव माहितीवरच येतात आणि आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. म्हणून येथे त्यांचा उल्लेख केवळ सर असा केला आहे.

आठवड्यातून दोन सकाळी, साडेसहा ते आठ, एका वेळी सहाच जण आणि संपूर्ण वर्गाचे शुल्क 6,000 रुपये, अशी व्यवस्था आहे. कोर्ट सिंथेटिक आहे, जाळी ताणलेली असते आणि वेळ काटेकोरपणे पाळली जाते. सोयींबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

वर्गाचे खरे वैशिष्ट्य हे की पहिले काही दिवस रॅकेटच्या फिरवण्याविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही. टप्पा पडल्यानंतर चेंडूच्या तीन अवस्था असतात : तो चढत असतो, माथ्यावर क्षणभर थबकल्यासारखा होतो आणि मग उतरतो. समोरून आलेला चेंडू जाळी ओलांडण्याआधीच विद्यार्थ्याने ‘चढता’, ‘माथा’ किंवा ‘उतरता’ यांपैकी एक शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि त्याच अवस्थेत चेंडू गाठायचा, असा हा सराव आहे. सुरुवातीला तर रॅकेटही नसते. चेंडू डाव्या हाताने छातीसमोर झेलायचा असतो. हा प्रकार पोरकट वाटू शकतो आणि शुल्क भरून आलेल्या माणसाला तो तसा वाटला तर नवल नाही. परंतु शब्द उशिरा निघतो त्या प्रत्येक वेळी पायही उशिरा हलतात, हे दोन-तीन सकाळींत स्वतःच्या कानांनी कळते. उंच चेंडूवरचा फोरहँड बिघडतो तो बहुतेक वेळा या न घेतलेल्या निर्णयामुळे, हाताच्या दोषामुळे नव्हे, आणि हे इतक्या थेटपणे दाखवून देणारा दुसरा वर्ग माझ्या पाहण्यात नाही.

तिन्ही पर्यायांची किंमत वेगवेगळी आहे. उतरता चेंडू कमरेच्या उंचीवर मिळतो, पण त्यासाठी दोन-तीन मीटर मागे जावे लागते आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याला जाळीजवळ यायला अवधी मिळतो. शिवाय मागे जागा तर हवी. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी बेसलाइनच्या मागे किमान 6.40 मीटर मोकळी जागा असावी अशी शिफारस आहे. बाणेर-वाकडच्या अनेक सोसायट्यांच्या कोर्टांवर त्याच्या निम्मीही नसते आणि मागे सरकणाऱ्याची पाठ लवकरच कुंपणाच्या जाळीला लागते. सर ही गोष्ट गृहीत धरून शिकवतात. आपला विद्यार्थी आठवडाभर कुठे खेळतो हे ते पहिल्याच दिवशी विचारतात आणि सोसायटीत खेळणाऱ्यांकडून चढत्या चेंडूचा सराव अधिक करून घेतात. चढता चेंडू टप्प्यानंतर लगेच, कमरेच्या आसपास असतानाच घ्यायचा, मागचा झोका आखूड ठेवायचा आणि त्याचाच वेग वापरून तो परतवायचा. तिघांत हाच सर्वांत अवघड पर्याय आहे. चाळिशीनंतर टेनिसकडे वळलेल्यांना तो सहा आठवड्यांत वश होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

उरतो तो माथ्यावरचा, म्हणजे छाती ते खांदा या उंचीवर मारायचा चेंडू, आणि वर्गाचा मोठा भाग त्यावरच खर्च होतो. येथील सूचना नेमक्या आहेत. खांदे लवकर वळवायचे आणि ते वळेपर्यंत डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे रॅकेट आपोआप उंच राहते. फडताळातील वरच्या कप्प्यातला डबा काढताना जसा कोपर अंगापासून सुटतो, तसा तो येथेही सुटायला हवा. उजव्या पायावर भार घेऊन तेथून वर उठायचे, चेंडू शरीराच्या पुरेसा पुढे गाठायचा आणि रॅकेटचा मार्ग खालून वर खेचण्याऐवजी बराचसा पुढच्या दिशेने ठेवायचा. जाळी मध्यभागी 91.4 सेंटिमीटर उंच असते. ज्या चेंडूला आपण 140 सेंटिमीटरवर भेटतो तो जाळीपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर वरच असतो, त्यामुळे त्याला आणखी वर उचलण्याची धडपड निरर्थक ठरते. फटका डाव्या खांद्यावरून मागे न जाता छातीसमोरून डाव्या दंडाकडे संपला, तर चेंडू खोल जातो. एवढ्या एका बदलाने वर्गातील बहुतेकांचे आखूड चेंडू बेसलाइनकडे सरकलेले दिसले.

ग्रिपच्या, म्हणजे रॅकेट धरण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत मात्र सर जरा हट्टी आहेत. रॅकेटच्या मुठीला आठ कडा असतात. तर्जनीच्या मुळाचे हाड तिसऱ्या कडेवर असले तर ईस्टर्न आणि चौथ्या कडेवर असले तर सेमी-वेस्टर्न ग्रिप होते. उंच चेंडूसाठी सेमी-वेस्टर्न सोयीची आहे यात वाद नाही, कारण त्या ग्रिपमध्ये चेंडू नैसर्गिकपणेच अधिक उंचावर आणि अधिक पुढे गाठला जातो. पण वर्षानुवर्षे ईस्टर्न ग्रिपने खेळणाऱ्या, मुख्यतः डबल्स खेळणाऱ्या काकांना तीच बदलायला लावण्यात शहाणपण आहे असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी चढता चेंडू आणि थोडा सपाट फटका एवढे पुरेसे ठरले असते. आपल्याकडे क्रिकेट खेळून टेनिसमध्ये आलेल्यांची एक वेगळीच तऱ्हा असते. छातीपर्यंत उसळलेला चेंडू दिसला की त्यांचा हात पुल मारायला निघतो आणि चेंडू शेजारच्या कोर्टावर जातो. ही खोड सर न हसता आणि चिकाटीने काढतात.

उंची ही सापेक्ष असते, हेही वर्गात चांगले समजावले जाते. 2018 ते 2023 या काळात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महाराष्ट्र ओपन ही टेनिस स्पर्धा भरत असे; 2019 च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच समोरासमोर होते, एकाची उंची 203 सेंटिमीटर आणि दुसऱ्याची 211. जो चेंडू त्यांच्या पोटाशी येतो तो आपल्या छातीशी येतो. म्हणून पडद्यावर पाहिलेल्या फटक्याची उंची उचलू नये, चेंडू आणि खांदा यांचे नाते उचलावे, असा सरांचा आग्रह असतो.

चेंडूंविषयीची दक्षता मला विशेष आवडली. नियमानुसार 254 सेंटिमीटरवरून सोडलेला सर्वसाधारण चेंडू सुमारे 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा, परंतु डबा उघडला की दाबाचे चेंडू हळूहळू मऊ पडतात आणि बऱ्याच प्रशिक्षणवर्गांत असेच मेलेले चेंडू टोपलीभर असतात. त्यांच्यावर उंच उसळीचा सराव होणे शक्यच नाही. येथे चेंडू फेकणाऱ्या यंत्रासाठी दाबविरहित चेंडू आणि रॅलीसाठी बऱ्यापैकी नवे चेंडू वापरले जातात. एप्रिल-मेच्या उन्हात चेंडूतील हवेचा दाब वाढून उसळी वाढते आणि डिसेंबरच्या सकाळी तोच चेंडू गुडघ्याजवळ रेंगाळतो. त्यामुळे हा वर्ग उन्हाळ्यात करावा, हिवाळ्यात केल्यास निम्मा लाभ यंत्राच्या भरवशावर राहतो.

यंत्राची मर्यादा उघड आहे. ते टॉपस्पिन देते, पण एकाच लयीत देते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवरून चेंडू ओळखण्याची सवय त्यातून लागत नाही. प्रत्यक्ष गुणांचा खेळ पाचव्या आठवड्यापर्यंत येतच नाही, हे फार उशिरा आहे. उसळणारी किक सर्व्हिस परतवणे हा याच विषयाचा भाग असूनही त्याला एकच सकाळ मिळते. व्हिडिओ चित्रण होत नाही. स्वतःच्या मोबाइलवर कोणाकडून करून घेण्यास मात्र हरकत नसते. डावखुऱ्यांना सूचना मनातल्या मनात उलटवून घ्याव्या लागतात, ती तयारी त्यांनी ठेवावी.

ज्यांची रॅली अजून चार-पाच फटक्यांपलीकडे टिकत नाही त्यांनी आधी साधा वर्ग करावा. खांदा दुखावलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये, कारण कोपर उंच ठेवून वारंवार फटके मारणे त्या सांध्याला सोसेलच असे नाही. बाकी, आठवड्यातून दोनदा-तीनदा सिंगल्स खेळणाऱ्या आणि मूनबॉल, म्हणजे असेच संथ, उंच चेंडू, टाकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला वैतागलेल्या खेळाडूला मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन; शुल्क वाजवी आहे आणि सहाच्या तुकडीमुळे प्रत्येकाकडे लक्ष जाते. पावसाळ्यात कोर्ट ओले राहत असल्याने जून ते सप्टेंबर वर्ग बंद असतो. नाव नोंदवण्यापूर्वी एक सकाळ बाजूला बसून पाहण्याची मुभा सर देतात. ती पहिल्या आठवड्यात न घेता तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्यावी, म्हणजे झेलण्याच्या खेळाऐवजी प्रत्यक्ष फटके पाहायला मिळतील.