पुण्यात लैंगिक आरोग्याबद्दल कुठे विचारायचं? सरकारी समुपदेशन केंद्राचा रिव्ह्यू

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली तक्रारी पण आहेत आणि तिथल्या समुपदेशक मॅडम खरंच चांगल्या आहेत, त्यांना उगाच त्रास नको. तसंही ही सोय एकाच ठिकाणी आहे असं नाही, पुण्यातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी म्हणून एक खोली असते, एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन, दोन्ही फुकट. बऱ्याच ठिकाणी जवळच सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे लैंगिक आजारांसाठी तपासणी आणि औषधं मिळतात. माझे चार स्टार. आमच्या अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरापोरींना हे माहीतच नाही म्हणून लिहायला बसले.

मी पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससीची तयारी चाललीय. माझ्या रूममेटने इमर्जन्सी गोळी घेतली होती आणि नंतर पाळी लांबली, पोरगी नुसती रडत होती, जेवण नाही की झोप नाही. रात्रभर रील्स बघायची, एकात सांगतात ही गोळी घेतली की पुढे मूल होत नाही, दुसऱ्यात सांगतात पपई खा, तिसऱ्यात कुठलीतरी पावडर विकायला ठेवलेली. आम्ही आधी एका प्रायव्हेट क्लिनिकला गेलो तर रिसेप्शनवरच भरल्या वेटिंग रूममध्ये जोरात विचारलं, लग्न झालंय का? नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी तपासायच्या आधीच सांगितलं आईला घेऊन ये. तिची आई लातूरजवळच्या गावात, आणि तिला कळलं तर पोरीचं शिक्षण त्याच दिवशी बंद. अशा वेळी एवढं एक वाक्य ऐकून मुली परत फिरतात आणि मग मेडिकलवाल्याकडून काहीतरी गोळ्या घेऊन टाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

मग ओळखीच्या एका नर्सताईने सरकारी हॉस्पिटल सुचवलं. खोली छोटी, एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर कंडोम कसा वापरायचा ते दाखवायचं एक लाकडी मॉडेल, निरोधचा खोका आणि चित्रांचा फ्लिपचार्ट. मॅडमनी आधी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बस गं, पाणी पी आधी." लग्नाचं काही विचारलंच नाही. शेवटची पाळी कधी आली, संबंध कधी आला, गोळी किती तासांनी घेतली, एवढंच. मग तिचाच केसपेपर उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने २८ चौकटी काढल्या, पाळीचा दिवस, बीज साधारण कधी बाहेर पडतं तो दिवस, गोळी घेतली तो दिवस, सगळ्यांवर खुणा केल्या आणि दाखवलं की गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते म्हणून पाळी पण मागेपुढे होते. आम्ही दोघी सायन्सच्या, बारावीला प्रजनन संस्थेचा धडा पाठ करून मार्क घेतलेल्या, पण स्वतःच्या महिन्याचं गणित असं कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते, कुणाच्या तरी कामाला येईल. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते ती इमर्जन्सी गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जेवढी लवकर घ्याल तेवढी चांगली. तिने मूल न होण्याचा प्रॉब्लेम होत नाही, पण दरवेळचा उपाय म्हणून ती वापरायची नाही कारण रोजच्या गोळ्यांपेक्षा किंवा कंडोमपेक्षा तिचा भरवसा कमी, आणि आजारांपासून तर अजिबातच वाचवत नाही. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा काही उपयोग नाही, गर्भपाताची गोळी वेगळी असते आणि ती डॉक्टरांशिवाय घ्यायचीच नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करायची, संबंधानंतर ३ आठवड्यांनी केलेली टेस्ट भरवशाची. रूममेटची तिथेच लघवीची टेस्ट करून घेतली, निगेटिव्ह आली, आणि पुढच्या आठवड्यात पाळी पण आली.

तिने मग हळूच अंगावरून पांढरं जातं तेही विचारून टाकलं, जे ती वर्षभर कुणाला बोलली नव्हती. त्यावर पण शांतपणे सांगितलं की थोडं पांढरं जाणं नॉर्मल आहे, महिन्यात कमीजास्त होतं, पण खाज, घाण वास, दह्यासारखं किंवा हिरवट असेल तर तपासून औषध घ्यायचं, आतून साबणाने धुवायचं नाही.

एचआयव्हीची टेस्ट करणार का असं विचारलं, जबरदस्ती नाही. रक्त घ्यायच्या आधी नीट समजावून संमती घेतली, आपल्या संमतीशिवाय रिपोर्ट सहसा कुणाला सांगता येत नाही, त्यासाठी कायदा आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. मी पण करून घेतली, म्हटलं आलेच आहे तर. संबंध नुकताच आला असेल तर पहिली टेस्ट निगेटिव्ह असली तरी ३ महिन्यांनी परत करायची, मधल्या काळात इन्फेक्शन असून टेस्टमध्ये दिसत नाही असं होऊ शकतं. आणि एचआयव्हीचा धोका झालाय असं वाटलं तर ७२ तासांच्या आत यायचं, लागण होऊ नये म्हणून २८ दिवसांची औषधं सुरू करता येतात. हे शेवटचं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं!

आता एक स्टार का कापला. बोर्ड सापडत नाही, आम्ही दोन मजले फिरलो, वॉर्डबॉयला विचारावं लागलं आणि त्याने "एड्सवालं का?" असं मोठ्याने विचारलं. लोकांना ही खोली नुसती एड्सची म्हणूनच माहीत असेल तर पाळीचा किंवा गर्भनिरोधनाचा प्रश्न घेऊन कोण आत जाईल? बाहेर बसायला बाक उघड्यावर, जाणारायेणारा बघतो. वेळ सकाळची ओपीडीची, नोकरी किंवा क्लास असणाऱ्यांनी काय करायचं. आणि सगळं त्या एका मॅडमवर उभं आहे, त्या रजेवर असल्या तर असंच बोलणं मिळेल का सांगता येत नाही. १० ते १९ वयासाठी असेच प्रश्न विचारायला सरकारची मैत्री नावाची क्लिनिकं आहेत ती पण शाळाकॉलेजात कुणी सांगत नाही.

मुलांनी पण जा, प्लीज. आमच्या ग्रुपमधल्या एकाने स्वप्नदोष म्हणजे आजार समजून भिंतीवरची जाहिरात बघून पैसे घातले आणि वर महिनोन्‌महिने टेन्शन घेतलं. झोपेत वीर्य जाणं नॉर्मल आहे, त्याने अशक्तपणा येत नाही. ताकद वाढवायची हमी देणाऱ्या असल्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे तरी त्या एसटी स्टँडपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे आहेत. माझा आता साधा नियम आहे, जो माहिती देतादेता काहीतरी विकतो त्याचं ऐकायचं नाही. त्या खोलीत आम्हाला कुणी काही विकलं नाही.

एचपीव्हीच्या लसीचं पण तिथेच कळलं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळण्यासाठीची. आपल्या पुण्याच्या सिरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते, ९ ते १४ वयात २ डोस, १५ ते २६ मध्ये ३, मुलींना आणि मुलांनाही. प्रायव्हेटमध्ये आली तेव्हा एका डोसला २००० रुपये होती, स्वस्त नाही, पण मी पैसे साठवतेय.

गर्भपाताबद्दल मुली सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून तेही लिहिते. १८ पूर्ण असेल तर फक्त तुझी संमती लागते, आईवडिलांची नाही, जोडीदाराची नाही, आणि लग्न झालेलं नसलं तरी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे कायद्याने होतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अविवाहित मुलींच्या बाजूने निकाल दिलाय. १८ च्या खाली असेल तर पालकांची संमती लागते, आणि लैंगिक संबंधाची माहिती पोलिसांना द्यायचं बंधन डॉक्टरांवर येतं, हे आधी माहीत असलेलं बरं. पण म्हणून घरात लपून काही गोळ्या खायच्या नाहीत, त्याच निकालात म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर डॉक्टरांनी गर्भपाताच्या बाबतीत तिचं नाव उघड करायची गरज नाही.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, केसपेपरच्या खिडकीवर कशासाठी विचारलं तर फक्त "आयसीटीसी, समुपदेशन" म्हणा, जास्त काही सांगावं लागत नाही. एकटीला भीती वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन जा, आमच्यावेळी दोघींना आत बसू दिलं. आणि एचआयव्हीबद्दल घरबसल्या विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे.