ठाण्यातलं 'फर्टिलिटी किट': पाचपैकी दोन स्टार, ते पण मोठ्या मनाने

दोन स्टार देतेय, एक फोलिक अ‍ॅसिडसाठी आणि एक कोक्यूटेनसाठी (CoQ10, पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा पदार्थ), बाकीच्या बॉक्सला शून्य.

घोडबंदर रोडला आमची आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू होती तिथे स्टिम्युलेशनच्या, म्हणजे अंडी वाढवायच्या इंजेक्शनांच्या, आधी तीन महिने घ्यायला म्हणून एक किट देतात, खालच्याच फार्मसीत मिळतं, महिन्याला साडेचार हजारच्या आसपास जातात. गुलाबी बॉक्स, वर बाळाची पावलं, आत सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे, दिसायला अगदी दिवाळीत ऑफिसातून येतो तो ड्रायफ्रूटचा डबा. सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण असे बॉक्स आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

तीन महिने आधीपासून का, तर अंडं वाढण्याचा शेवटचा टप्पाच साधारण ८५ दिवसांचा असतो, त्यामुळे इंजेक्शनं सुरू झाल्यावर गोळ्या घेऊन काही हाती लागत नाही. हे बरोबर आहे, यात कोणी गंडवत नाही.

गंडवणं पुढे आहे. माझं एएमएच (अंड्यांचा साठा किती ते सांगणारी रक्ताची टेस्ट) कमी, म्हणजे अंडीच मोजकी, इंजेक्शनं देऊनही फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, वाढायला तयार नाहीत. माझी मावसबहीण नेरूळला राहते, तिला पीसीओडी, एएमएच भरमसाट, तिच्या डॉक्टरांना उलटी भीती की इंजेक्शनांनी ओव्हरी एकदम फुगून ओएचएसएस (इंजेक्शनांचा अतिरेकी, धोक्याचा परिणाम) व्हायला नको. आणि तिच्या डायनिंग टेबलावर काय, तर सेम टू सेम गुलाबी बॉक्स! अरे, दोघींचा प्रॉब्लेम एकमेकींच्या विरुद्ध, मग औषध एकच कसं?

त्यात डीएचईएची स्ट्रिप पण, २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. हे व्हिटॅमिन नाही हो, हार्मोन आहे, शरीरात जाऊन त्याचं टेस्टोस्टेरॉन बनतं. पीसीओडीवाल्या बायकांमध्ये पुरुषी हार्मोन बहुतेक वेळा आधीच जास्त असतात, हनुवटीवर केस आणि पिंपल्स त्यातूनच येतात, वर ही गोळी कशाला? तिने तिच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले ती स्ट्रिप काढून टाका. मग आधी दिलीच का, हे विचारायचं नाही. कमी एएमएचसाठी सुद्धा युरोपातल्या फर्टिलिटी डॉक्टरांच्या संघटनेने, एश्रेने, २०१९ च्या गाइडलाइनमध्ये डीएचईएची शिफारस केलेली नाही. काही डॉक्टर तरीही देतात, तो त्यांचा निर्णय, पण मग रिपोर्ट बघून द्या ना, बॉक्समध्ये भरून सरसकट नको. माझी तर स्किन इतकी तेलकट झाली की सासूबाई विचारायला लागल्या काय लावतेस म्हणून.

कोक्यूटेनबद्दल मी जरा मऊ आहे. २०१८ मध्ये चीनमधला एक अभ्यास छापून आला, ३५ च्या आतल्या पण अंडी कमी असलेल्या बायकांना आयव्हीएफच्या आधी ६० दिवस रोज ६०० मिलिग्रॅम दिलं, तर अंडी जास्त मिळाली, इंजेक्शनं कमी लागली, भ्रूण चांगले बनले. मात्र प्रत्यक्ष बाळ होण्याच्या आकड्यात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही, हे बॉक्सवर कोण छापणार! आणि किटमधल्या कॅप्सूलमध्ये किती? १००. दिवसाला एक. म्हणजे नाव त्या अभ्यासाचं सांगायचं आणि माल सहावा हिस्सा द्यायचा. आणि हे रिकाम्या पोटी गिळू नका, तेलात विरघळणारं आहे, जेवणासोबत घ्यावं लागतं, किटच्या कप्प्यात मात्र ते पहाटेच्या चहाबरोबर.

मायो-इनॉसिटॉलचं (साखरेसारखा एक पदार्थ) पण तेच, पीसीओडीसाठी अभ्यासात साधारण दिवसाला ४ ग्रॅम वापरतात, इथे ५५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. सव्वा ग्रॅम पण नाही.

पावडरच्या सॅशेची चव संत्र्याची म्हणतात, मला तर कफ सिरपच वाटलं. मागे बारीक अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' लिहिलंय, मोबाईलने झूम करून वाचा. त्याच सॅशेमध्ये बायोटिन आहे, आणि जास्त डोसमध्ये बायोटिन असेल तर थायरॉइड आणि इतर हार्मोनच्या काही ब्लड टेस्ट चुकीच्या येऊ शकतात. ज्या ट्रीटमेंटमध्ये दर दोन दिवसांनी रक्त काढतात तिथे हे सांगायला नको का? कोणी एक शब्द बोललं नाही, लॅबमधल्या मुलीने स्वतःहून विचारलं म्हणून कळलं.

शेवटी काय केलं तर डॉक्टरांना लेबल दाखवून सरळ विचारलं की यातलं मला नक्की काय लागतंय, त्यांनी चिठ्ठीवर वेगळं लिहून दिलं: फोलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन डी थ्री कमी आलं होतं म्हणून त्याचे आठवड्याचे ६०,००० युनिटचे डोस, आणि कोक्यूटेन जास्त पॉवरचं. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून घेतलं, तिथले काका एक्स्पायरी दाखवून देतात, सुट्टी स्ट्रिप देतात आणि बिलावर दहा टक्के सोडतात. किटच्या अर्ध्यात काम झालं. कोक्यूटेन तरी महागच आहे, ते काही स्वस्तात पडत नाही.

फरक पडला का विचाराल तर दुसऱ्या सायकलला अंडी थोडी जास्त आली, पण त्या वेळी डॉक्टरांनी इंजेक्शनांचा प्रोटोकॉल पण बदलला होता, मग श्रेय कोणाला देणार! गोळीने झालं म्हणणाऱ्या बायका वेटिंग रूममध्ये खूप भेटतात, त्यांना विचारा की त्याच वेळी अजून काय काय बदललं होतं.

कोणाला घ्यायचंच असेल तर बॉक्स उघडायच्या आधी लेबलचा फोटो काढून आपल्या डॉक्टरांना दाखवा, सील तुटलं की फार्मसीवाले परत घेत नाहीत.