स्क्रायबस १.६: मराठी मजकुराची छपाईची पीडीएफ कितपत जमते?

स्मरणिका, अहवाल, डेमी आकाराचं छोटं पुस्तक असं काम असेल आणि प्रेस पीडीएफ स्वीकारत असेल, तर पानं मांडायचं स्क्रायबस हे फुकटातलं सॉफ्टवेअर खुशाल वापरा. मात्र १.४ आवृत्ती कुठे पडून असेल तर ती आधी काढून टाका. तिच्यात देवनागरीची जोडाक्षरं जुळतच नाहीत. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ मध्ये युनिकोड मराठी नीट बसतं. फॉन्ट ठरवण्यापूर्वी 'दऱ्या', 'श्लोक', 'ट्रॅक्टर', 'ऑफिस' एवढे चार शब्द टाइप करून बघा, फॉन्टची लंगडी बाजू तिथेच कळते. आयआयटी मुंबईचा शोभिका पुस्तकी मजकुराला चांगला आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर मात्र आधी कन्व्हर्ट करावाच लागतो.

पान करतानाच चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारा रंग-चित्राचा जादा भाग) द्या. गंमत अशी की ते दिलं तरी एक्स्पोर्टच्या वेळी प्री-प्रेस टॅबमध्ये 'यूज डॉक्युमेंट ब्लीड्स'वर टिक केली नाही तर पीडीएफ नेमकी कटसाइजची (कापल्यानंतरच्या मापाची) निघते, आणि कटिंगमध्ये कड जराशी सरकली की पांढरी रेघ दिसते. क्रॉप मार्क (कुठे कापायचं त्याच्या खुणा) लावणार असाल तर त्यांचं ऑफसेट, म्हणजे पानाच्या कडेपासूनचं अंतर, ब्लीडपेक्षा जास्त ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ काळ्या रंगाचा. वर्डमधून आणलेल्या मजकुराचा काळा बरेचदा आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांचा) असतो आणि सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जाताना तो चारही प्लेटवर वाटला जातो. १० पॉइंटच्या अक्षरात रजिस्टर (चार प्लेटांचा एकमेकींवरचा मेळ) केसभर हललं तरी मात्रा-वेलांट्यांना लाल-निळी किनार येते. एडिट मेनूतल्या 'रिप्लेस कलर्स'मधून तो रंग निव्वळ के १०० (फक्त काळी शाई, १०० टक्के) असलेल्या 'ब्लॅक'वर आणा. यादीतल्या 'रजिस्ट्रेशन' रंगाला मजकुरासाठी हात लावू नका, त्यात चारही शाया १०० टक्के असतात. मग आउटपुट प्रिव्ह्यूत काळ्या प्लेटची टिक काढा. मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे, पुसटसाही उरला तर रंग अजून मिसळलेला आहे. या प्रिव्ह्यूसाठी घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं.

कलर मॅनेजमेंट सुरू केल्याशिवाय पीडीएफ-एक्सचे (छपाईसाठीच्या पीडीएफच्या मानकाचे) पर्याय निवडताच येत नाहीत, आणि नवखे इथेच अडकतात. रंगांची प्रोफाइल (कागद-शाईनुसार रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) प्रेसकडूनच मागवा. आर्टपेपरला चालणारी प्रोफाइल मॅपलिथोला (लेप नसलेल्या साध्या कागदाला) लावली तर शाई जास्त बसते, ती वाळायला वेळ लागतो आणि वर पडणाऱ्या कागदाच्या पाठीवर डाग उठतात.

प्रीफ्लाइट व्हेरिफायर हा या सॉफ्टवेअरचा खरा गुण. हरवलेला फोटो, चौकटीबाहेर सांडलेला मजकूर, कमी रिझोल्यूशन हे सगळं तो एक्स्पोर्टआधीच पकडतो. फक्त फोटोची किमान मर्यादा ३०० डीपीआय करून घ्या, मुळात ती छपाईच्या मानाने फारच सैल असते. पीडीएफ-एक्समधलं एक्स-१ए किंवा एक्स-३ निवडलं आणि पानावर पारदर्शक सावली असली की तो तक्रार करतो, आणि ती रास्त आहे, कारण त्या फॉरमॅटना पारदर्शकता चालत नाही आणि स्क्रायबस ती आपोआप सपाट करून देत नाही. अशा वेळी सावली काढा किंवा प्रेसला विचारून एक्स-४ द्या.

उणिवाही ठळक आहेत. तक्ते करणं म्हणजे शिक्षाच. शंभर-दोनशे पानांचा सलग मजकूर जोडचौकटींत (एकीतून दुसरीत वाहणाऱ्या चौकटींत) टाकला की सॉफ्टवेअर रडत चालतं, म्हणून प्रकरणागणिक वेगळी फाइल करावी आणि पीडीएफ मागाहून जोडाव्यात. मधली शिलाई असलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठेवा, पण ती सुट्या पानांचीच पाठवा. छपाईच्या शीटवर कुठलं पान कुठे बसवायचं ती लावणी प्रेसवाले त्यांच्या शीटप्रमाणे करतात.

लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांच्या धंद्यात मात्र कोरलड्रॉच्या सीडीआर फाइलचंच राज्य आहे. तुमचा प्रेसवाला 'कोरलमध्ये कर्व्ह करून पाठवा' (म्हणजे अक्षरांचे आकार करून) म्हणत असेल, तर स्क्रायबस शिकण्याआधी पीडीएफवर प्लेट काढतो का, एवढं त्याला विचारून घ्या.